वरच्या काठावरचे दोन ठिपके

"ग्राम ब्लू," दड्डीकर बाई म्हणाल्या. मी अजून गुडघेही टेकले नव्हते.

एकदांडीच्या फुलावर अंगठ्याच्या नखाएवढं एक फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं. ऑक्टोबरातल्या रविवारची सकाळ होती, साल शहाण्णव. चंदगडच्या बाजूला आम्ही ज्याला भैरीचा सडा म्हणत असू, त्या उघड्या कातळावर आम्ही दोघंच होतो. मी भिंग डोळ्याला लावलं आणि सावकाश पुढे सरकलो.

निळी फुलपाखरं ओळखताना निळ्या रंगाचा काही उपयोग होत नाही. उडताना सगळी सारखीच निळी दिसतात. ती बसली आणि पंख मिटले, की पंखांची करडी खालची बाजू समोर येते. तिच्यावरचे ठिपके किती, कुठे आणि कोणत्या ओळीत आहेत, यावर नाव ठरतं. म्हणून आमचे रविवार गुडघ्यांवर जात. मराठी नावं तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हती. पुस्तकातली इंग्रजीच आम्ही आपल्या उच्चारानं वापरत होतो.

बाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. एकवीस वर्षं त्या या सड्यावरच्या फुलपाखरांची यादी करत होत्या. मी गडहिंग्लजच्या वाचनालयात ग्रंथपाल. नऊ वर्षांपूर्वी एका जुन्या पुस्तकाच्या शोधात त्या वाचनालयात आल्या. ते पुस्तक मी स्वतःच वाचलेलं आहे हे कळल्यावर त्यांनी मला पुढच्या रविवारी एसटी स्टँडवर सहा वाजता यायला सांगितलं. मला नाही म्हणता आलं नाही. मला सहसा कोणालाच नाही म्हणता येत नसे.

त्यांच्या यादीचा एक नियम होता: नोंद दोघांची. दोघांनी वेगवेगळं बघायचं. आधी दुसऱ्यानं काय दिसलं ते सांगायचं, मगच पहिल्यानं नाव घ्यायचं. नाव आधी ऐकलं की डोळे तेच बघतात, असं बाई म्हणत. एकदा शाळेचे मुख्याध्यापक सोबत आले होते. त्यांनी लांबूनच नाव पुकारलं, तर बाईंनी ती नोंद केलीच नाही, आणि ते परतीच्या एसटीत दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

आणि आता बाईच नाव आधी घेत होत्या. ही पहिली वेळही नव्हती.

भिंगातून मला स्वच्छ दिसत होतं. ग्राम ब्लूच्या मागच्या पंखाला केसासारखी बारीक शेपटी असते. इथे शेपटी नव्हती. ठिपके ठळक आणि काळपट. हे लाइम ब्लू होतं, परसातल्या लिंबावर वाढणारं, कोणीही ओळखावं असं.

"काय हेब्बाळकर?"

"असेल, बाई."

मी असेल म्हणत असे. दोन वर्षं म्हणत आलो होतो. ज्यांनी मला भिंग धरायला शिकवलं त्यांना दिसतं ते मला दिसत नाही, तर चूक माझ्याच डोळ्यांची असणार, अशी माझी समजूत होती. निदान मी ती तशी करून घेतली होती. बाई माझं असेल ऐकून वहीत दोघांची नावं लिहीत.

त्या दिवशी त्यांनी पेनाचं टोपण काढलं नाही.

"असेल नको. शेपटी आहे का?"

"तुटली असेल."

"दोन्ही बाजूंची?"

तेवढ्यात फुलपाखरू उडालं. बाई जवळच्या एका उंचवट्यावर बसल्या आणि त्यांनी मला समोर बसायला सांगितलं. वर्गात उशिरा आलेल्या मुलीला बसवावं तसं. मग त्यांनी जे सांगितलं ते त्या आदल्या रात्री घोकून आल्या असाव्यात, इतकं सरळ सांगितलं. महिन्यापूर्वी त्या मिरजेला डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. कडेकडेचं दिसत राहणार होतं, मधलं जाणार होतं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं.

"ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं," त्या म्हणाल्या. "आता तुमच्याकडे बघते, तर तुमचे दोन कान दिसतात. तोंड दिसत नाही. तसं त्यात फार नुकसान नाही म्हणा."

मला हसावं की नाही ते कळेना.

"आत्ताचं ग्राम ब्लू मी मुद्दाम ठोकून दिलं. मला एवढंच दिसलं होतं की काहीतरी लहान आहे आणि एकदांडीवर आहे. तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं होतं. ऐकलं. आता मला सांगा, हेब्बाळकर. यादी उद्या पोस्टात टाकायची आहे. एकशे त्रेचाळीस नावं आहेत. दोन वर्षांत मला दिसत नव्हतं आणि दिसतंय असं वाटत होतं. तुम्ही असेल म्हणत होतात. तर त्या वहीत खोट्या नोंदी किती आहेत?"

कोल्हापूरच्या एका संस्थेनं ती यादी छापायचं कबूल केलं होतं. बाईंच्या घरात दुसरं काही साठवलेलं नव्हतं. भांडी मोजकी, पातळं मोजकी, आणि कपाटभर वह्या. एकवीस वर्षांत त्यांनी छापायची घाई केली नव्हती, कारण छापलेलं खोडता येत नाही. आता त्या घाई का करत होत्या ते मला समजलं.

माझ्या सदऱ्याच्या खिशात एक लहान वही होती. घरी गेल्यावर मी तिच्यात त्या दिवशी मला खरोखर काय दिसलं ते लिहीत असे. यात धैर्य काही नव्हतं. वाचनालयात एखाद्या पुस्तकात चुकीचा सनावळीचा आकडा दिसला, तर मी समासात पेन्सिलीनं बारीक खूण करतो आणि पुस्तक वाचकाच्या हातात देताना काही बोलत नाही. तसलाच तो प्रकार होता. मला नीट ठाऊक होतं, किती ते.

"एकोणीस," मी म्हणालो.

मला वाटलं त्या उठून एसटीकडे चालू लागतील. त्यांचा चेहरा माझ्याकडे नव्हता. थोडा बाजूला वळवलेला होता. तेव्हा मी तो राग समजलो. पुढे कळलं की त्या मला डोळ्याच्या कडेनं बघायचा प्रयत्न करत होत्या.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचायला लागलो. तारीख, जागा, बाईंनी दिलेलं नाव, मला दिसलेलं. प्रत्येक वेळी त्यांनी कारण विचारलं. कोणता ठिपका, कुठे, त्याच्याभोवती पांढरी कड होती का, प्रकाश कुठून होता. पहिल्या दोन-तीन नोंदींना मी चाचरत सांगितलं. चौथीला त्यांनी माझी उलटतपासणी घेतली, तेव्हा मला आढळलं की मला उत्तर येतं. पाचवीला मी त्यांनी विचारायच्या आधीच कारण सांगितलं. माझ्या तोंडून इतकी ठाम वाक्यं लागोपाठ कधी निघाली नव्हती. बाई दर वेळी मोठी वही माझ्यापुढे धरत आणि म्हणत, खोडा. मी एक सरळ रेघ मारत होतो, खालचं वाचता येईल अशी. खोडलेलंही वाचता आलं पाहिजे, हा त्यांचाच शिरस्ता.

एकदाच त्या कडवट बोलल्या. "माझ्या डोळ्यांचं मला डॉक्टरांनी सांगितलं. यादीचं तुम्ही सांगायचं होतं."

मी मान डोलावली. ती त्यांना दिसली नसावी, म्हणून हो म्हणालो.

बाराव्या नोंदीवर आम्ही अडलो.

"चौऱ्याण्णवचा नोव्हेंबर, सहा तारीख. तळ्याच्या काठी. तुमचं टायनी ग्रास ब्लू. माझं लेसर ग्रास ब्लू."

"हे खोडायचं नाही," बाई म्हणाल्या.

मी त्यांना समजावू लागलो. हे मी, नऊ वर्षांत त्यांना कधी काही न समजावलेला. ही दोन्ही गवतालगत उडणारी, दोन्ही करडी, जवळजवळ सारखी. टायनी अगदीच लहान. पण लेसरमध्येही खुरटलेली निघतात, आकारावर जाता येत नाही. त्या दिवशी काठाला सगळीकडे शेंगांच्या कुळातलं सरपटणारं गवत माजलं होतं, आणि लेसरच्या अळ्या तेच खातात. टायनीची यादीत ती एकच नोंद होती. ती खोडली की नावच जाणार होतं, हे मला कळत होतं, आणि तरी मी सांगत होतो.

"झालं तुमचं?" बाईंनी विचारलं. "आता तळ्यावर चला."

तळं अर्ध्या तासाच्या वाटेवर होतं. बाई पुढे चालल्या. त्यांचे पाय त्या कातळाला इतके सरावलेले होते की डोळ्यांचं काम पडत नव्हतं. वाटेत त्यांनी सांगितलं की त्या दिवशी ठिपके त्यांना दिसले नव्हते हे खरंच. पण फुलपाखरू काय करत होतं ते दिसलं होतं. तळ्याच्या वरच्या टोकाला चिखलात तालिमखान्याची काटेरी झुडपं आहेत. ती मादी त्यांच्या कळ्यांवर पोटाचं टोक टेकवत होती. एक कळी, मग दुसरी, मग तिसरी.

"अंडी घालत होती. लेसर तालिमखान्यावर कशाला घालेल? पोरं उपाशी मरायला? तुम्ही गवत पाहिलंत, हेब्बाळकर. ती कशावर बसली ते पाहिलं नाही."

मला त्या दिवसाची आठवण करून बघायची होती, आणि आठवणीत तालिमखाना नव्हताच.

झुडपं होती. जांभळट निळी फुलं आली होती. मी चिखलात पोटावर पडलो, बाई मागे दगडावर बसल्या. पाऊण तास काही नाही. मग खालून, गवताच्या पात्यांमधून, करड्या धुळीचा कण उडावा तसं काहीतरी वर आलं आणि एका कळीवर टेकलं. पोट वाकवलं. पंख मिटले.

पुढच्या पंखाच्या मध्यावर ठिपका नव्हता. तो दोघांतही नसतो. मग मी पंखाच्या वरच्या काठाकडे पाहिलं, जिकडे दोन वर्षांपूर्वी पाहिलं नव्हतं. का पाहिलं नव्हतं तेही तेवढ्यात लक्षात आलं. तळ्याकाठचं गवत बघून मी खाली बसायच्या आधीच नाव ठरवून टाकलं होतं. ते मनातल्या मनात घेतलं, एवढाच फरक.

"बाई, वरच्या काठावर दोन ठिपके आहेत. लहान. एकापुढे एक."

"नाव?"

"तुमचंच. टायनी."

मी वळून पाहिलं. बाई सरळ बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून.

"म्हणजे अठरा खोट्या आणि एक खरी," त्या म्हणाल्या. "बरं झालं. पण ही लिहायची नाही."

मी विचारलं, का?

"नोंद दोघांची. त्या दिवशी ठिपके मी पाहिले नाहीत. तुम्हीही पाहिले नाहीत. आज तुम्ही पाहिले, मला दिसत नाहीत. एकच साक्ष झाली."

मी म्हणालो की त्यांनी अंडी घालताना पाहिलं होतं, ते काय कमी आहे? मी म्हणालो की नियम त्यांचाच आहे. मी म्हणालो की संस्थेला कळणारही नाही. शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला त्याची लाज वाटली.

"मला कळेल," बाई म्हणाल्या. "चला. एकशे अडतीस नावं. पुष्कळ झाली."

खोडलेल्या अठरांपायी चार नावं यादीतून जाणार होती, हे पाचवं. मला ती चार गेल्याचं काही वाटलं नव्हतं. हे नाव खरं होतं, माझ्यापासून हातभर अंतरावर कळ्या बदलत फिरत होतं, आणि दोन वर्षं मी त्याला चूक म्हणून वहीत ठेवलं होतं.

बांधावरून एक बाई चालली होती. डोक्याला पदर घट्ट बांधलेला, हातात काठी, चाल घाईची. एरवी मी अनोळखी माणसाला वाटही विचारत नाही. चुकलो तर चुकतो आणि शोधत बसतो. मी उठलो आणि चिखलानं माखलेला तसाच बांधाकडे पळत सुटलो. तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

तिनंच आधी विचारलं. "म्हस बगितलीसा काय वो माझी? डावं शिंग मोडल्याली?"

पहिल्या उंचवट्यावर बसलो होतो तिथे, करवंदीच्या जाळीच्या पलीकडे, एक म्हैस मी पाहिली होती. शिंगं पाहिली नव्हती. ते तसंच सांगितलं, आणि लगेच म्हणालो की आधी माझं एक काम करा, मग मी जागा दाखवतो.

तिचं नाव ठकूबाई झोरे. वरच्या धनगरवाड्यावरची. काम काय ते ऐकून तिनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"माशीयेवढ्या पाकोळीपायी चिखलात लोळालाईसा? म्हस हरवली असती तर समजलं असतं."

पण आली. बाईंनी तिला लांबूनच सांगितलं की हे गृहस्थ नाव सांगतील ते ऐकायचं नाही.

"नाव काय करायचंय मला," ठकूबाई म्हणाली.

मी तिला पंखाच्या काठाकडे बघा म्हणणार, एवढ्यात बाईंनी मला गप्प केलं. कुठे बघायचं तेही सांगायचं नाही. दिसेल ते सगळं सांगू दे. मी भिंग पुढे केलं. ठकूबाईनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. मग काठी बाजूला ठेवून झुडपासमोर उकिडवी बसली. तोंड कळीपासून वीतभर. फुलपाखरू हललं नाही. माझ्यासाठी ते कधी इतकं थांबलेलं नव्हतं.

"बारकं लई हाय ओ," ती म्हणाली. "ठिपकं सांगून तुमच्या ध्यानात यायचं न्हाईत. काडून दावते."

तिनं तालिमखान्याचा एक लांब काटा मोडला. समोरचा चिखल तळहातानं सारखा केला. त्याच्यावर तळहाताएवढा पुढचा पंख काढला, मग मागचा. एकदा फुलपाखराकडे बघायची, एकदा काटा टोचायची. गोधडीवर टाके घालावेत तशी शांतपणे. मध्ये एकदा फुलपाखरू दुसऱ्या कळीवर गेलं, तर तीही सरकली आणि परत येऊन उरलेले ठिपके टोचले. मागच्या पंखाच्या कडेला तिनं एक तिरपी चीर काढली. मी विचारलं ती काय.

"फाटलाय की तितं. तुमी बगितला न्हाईसा?"

मी पाहिलं नव्हतं. भिंगातून पुन्हा बघितलं; चीर होती.

झालं, असं म्हणून तिनं काटा टाकून दिला. मी त्या चित्रावर वाकलो. मध्यावर ठिपका नाही. वरच्या काठावर दोन. मी बोलायला तोंड उघडलं, पण बाई उठून आल्या होत्या. त्या चिखलात गुडघ्यांवर बसल्या, आमच्या नऊ वर्षांतल्या कुठल्याही रविवारी बसाव्यात तशा, आणि त्यांनी बोटं पुढे केली.

पंखाची रेघ त्यांनी बोटानं शोधली. तिच्या बाजूनं बोट हळूहळू चढवलं. मध्ये थांबल्या, मधली जागा चाचपली. तिथे काही नव्हतं. मग वरचा काठ.

"एक," त्या म्हणाल्या. थोडं पुढे. "दोन."

ठकूबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "दिसत न्हाई काय त्यास्नी?"

"नाही," बाईंनीच उत्तर दिलं. "तुम्हाला दिसतं ना, मग झालं." त्यांनी हात पातळाला पुसले. "हेब्बाळकर, टोपण काढा. शाईनं लिहा. आधी यांचं नाव, मग तुमचं."

"आणि तुमचं?"

"मी यादी केली. साक्ष तुमची दोघांची."

मी लिहिलं. ठकूबाईला सही येत नव्हती. तिच्या बोटाला चिखल होताच; तिनं बोट वहीत उमटवलं, आणि आता म्हस दावा म्हणाली. मी तिला करवंदीच्या जाळीपर्यंत घेऊन गेलो. म्हैस तिथेच होती, पण तिची दोन्ही शिंगं धड होती. शेजारच्या वाड्यावरची निघाली. ठकूबाईनं मला त्यावरून जे सुनावलं ते मी निमूट ऐकून घेतलं. मग दोघांनी मिळून दुपारपर्यंत तिची म्हैस शोधली. बाई तळ्यावर झुडपाशी बसून राहिल्या.

यादी सोमवारी पोस्टात पडली. एकशे एकोणचाळीस नावं. बाईंनी त्यानंतर चार रविवार सड्यावर काढले, पुढे पायऱ्याही उतरता येईनाशा झाल्या. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठा आहे, आणि गुडघे टेकले की उठायला मला झाड लागतं. ती छापील यादी माझ्याजवळ आहे. छापताना संस्थेनं एक शंका काढली होती. एकशे बाराव्या नोंदीतल्या पहिल्या साक्षीदार श्रीमती ठकूबाई झोरे यांची शैक्षणिक पात्रता काय, ते कृपया कळवावे, असं पत्र आलं. मी ते बाईंना वाचून दाखवलं. उत्तरासाठी कागद घेतला आणि तीन-चार अदबीची वाक्यं सुचवली. पारंपरिक ज्ञान, प्रत्यक्ष निरीक्षण वगैरे. बाईंनी ती सगळी ऐकली आणि एकच लिहायला सांगितलं.

श्रीमती झोरे यांचे डोळे शाबूत आहेत.